गोव्यातलं स्नेक प्लांट पावसाळ्यात का कुजतं, आणि वर्षभर त्याला पाणी कसं द्यावं

प्रश्न फोंड्याच्या एका ताईंचा आहे. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, हॉलच्या दक्षिणेकडच्या खिडकीत दोन स्नेक प्लांट आणि एक झीझी (झेड-झेड प्लांट). गेल्या नोव्हेंबरात झाडं आणली तेव्हा नर्सरीत "आठवड्यातून एकदा पाणी" असं सांगितलं होतं. ताईंनी ते नेमानं पाळलं, दर रविवारी कुंडीला एक कप. मे अखेरपर्यंत झाडं छान होती, एका कुंडीत नवे कोंबही आले. जुलैच्या शेवटी मात्र एका स्नेक प्लांटची दोन पानं पिवळी पडली, बुडाशी मऊ झाली आणि हात लावताच सुटून आली. आता ऑगस्ट चालू आहे. ताई विचारतात, इतकंसं पाणी देऊनही झाड कुजलं कसं? कंपाउंडच्या कडेला हेच झाड धो धो पावसात ताठ उभं आहे, ते कसं? वर्षभर पाण्याचं माप काय ठेवावं? आणि राहिलेलं झाड वाचेल का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ते काम आजच करायला हवं.

कुंडी आडवी करा, चारी बाजूंनी थोपटा आणि झाड मातीसकट बाहेर ओढा. माती हातानंच झाडून टाका. मुळं धुवायला जाऊ नका, आधीच ओल जास्त आहे. पानांना खालून जोडणारा एक जाड, आडवा गड्डा दिसेल. झाडाचा जीव त्याच्यात असतो. निरोगी गड्डा टणक, वरून फिकट नारिंगी, आणि कापला तर आतून पांढरट निघतो. कुजलेला भाग तपकिरी असतो, दाबला तर बोट आत रुततं आणि वास येतो. मुळंही एकेक करून बघा. चांगलं मूळ ओढलं तर ताण देतं आणि मग तुटतं. कुजलेल्या मुळाची साल सरकन चिमटीत निघून येते आणि मागे दोऱ्याएवढी तार लोंबत राहते. अशी तार दिसली की ते मूळ गेलं असं समजा.

चाकू स्पिरिटनं पुसून घ्या आणि कुजलेला भाग कापत जा. कापलेली कड पूर्ण पांढरी, स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नका. तपकिरी रंगाची एक बारीक रेघ जरी आत राहिली तरी कुज तिथून पुढे सरकते. प्रत्येक कापानंतर चाकू परत पुसायचा. इथे लोकांचा हात कचरतो, अर्धा गड्डा जाईल म्हणून जीव खालीवर होतो. पण बोटाएवढा निरोगी तुकडा आणि त्याला एक धड पान, एवढंही पुरतं. मग ते झाड वर्तमानपत्रावर, पंख्याखाली, मातीविना ठेवा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत काप सुकतो, सध्याच्या हवेत सहा-सात दिवस धरा. काप बोटाला कोरडा आणि कडक लागला की कोरड्या मिश्रणात लावा आणि पुढचे दहा दिवस पाणी अजिबात नको. नंतर कडेनं अर्धा पेला. बुरशीनाशकाची पूड कापावर लावलीत तर हरकत नाही, पण माती तशीच चिंब ठेवून वरून औषध ओतण्यात काही अर्थ नाही.

सुटून आलेली पानं टाकू नका. मऊ भाग कापून टाका, उरलेल्या पानाचे चार-चार इंचांचे तुकडे करा आणि खालची बाजू कोणती हे पेनानं लिहून ठेवा, कारण उलट खोचलेला तुकडा मूळ धरत नाही. तुकडेही तसेच सुकवून मग खोचायचे. कोंब दिसायला कित्येक महिने लागतात, तेवढा धीर धरावा लागेल. पिवळ्या कडेच्या जातीचं पान लावलं तर नवं झाड साधं हिरवं निघतं, हेही आधीच लक्षात असू द्या. पिवळी कड हवी असेल तर गड्ड्यासकट फुटवाच वेगळा करावा लागतो. तुमचं दुसरं स्नेक प्लांट बुडाशी घट्ट असेल तर त्याला उपटू नका, फक्त पाणी बंद करा.

आता कुजलं कसं ते सांगतो, कारण ते नीट समजलं तर पाण्याचं माप कुणाला विचारावं लागणार नाही.

हे झाड पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण पट्ट्यातलं, नायजेरियापासून काँगोपर्यंतचं. पूर्वी त्याचा वंश सॅन्सिव्हिएरिया मानत, आता त्याला ड्रॅसिनात घातलं आहे. पाण्याचा साठा ते जाड पानांत आणि गड्ड्यात करून ठेवतं. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडतात आणि त्यातून पाण्याची वाफ बाहेर जाते. स्नेक प्लांट ती छिद्रं मुख्यतः रात्री उघडतं. रात्री हवा थंड आणि ओलसर असते, त्यामुळे हवा आत घेताना त्याचं पाणी फारच थोडं जातं. जास्वंद कुंडीतलं पाणी दोन दिवसांत पिऊन टाकते. स्नेक प्लांट मात्र तेवढ्याच पाण्यातलं थोडंसंच घेतं.

मग तुमचा रविवारचा कप सात महिने जात कुठे होता? बराचसा हवेत. मातीच्या पृष्ठभागावरून, आणि कुंडी मातीची असेल तर तिच्या भिंतींतूनही. कुंडी वाळवण्याचं काम झाडापेक्षा हवाच जास्त करत होती आणि जूनमध्ये हवेनं ते काम थांबवलं.

जानेवारीतल्या दुपारी आपल्याकडे ३१ अंश तापमान आणि ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असते. जुलैत २७ अंश आणि ९० टक्के. या दोन आकड्यांवरून हिशेब मांडला तर जानेवारीतल्या त्या दुपारची हवा जुलैतल्या हवेपेक्षा सुमारे सहा पट जोरानं पाणी ओढते. तुमचा कप दीडशे मिलिलिटरचा धरला तर जून आणि जुलैच्या आठ रविवारी मिळून जवळजवळ सव्वा लिटर पाणी कुंडीत गेलं आणि त्यातलं फार थोडं बाहेर पडलं. एकेका कपाकडे बघून "इतकंसंच तर दिलं" असं वाटतं, पण ते साठत गेलं.

ओल्या मातीत मुळांना नेमकं काय होतं तेही सांगतो. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमध्ये ज्या पोकळ्या असतात त्यातली हवा ती वापरतात. त्या पोकळ्या आठवडेच्या आठवडे पाण्यानं भरून राहिल्या की मुळं गुदमरून मरायला लागतात. अशा मेलेल्या, दुबळ्या मुळांत मग पिथियम, फायटोप्थोरा यांसारखे रोगकारक जीव शिरतात. त्यांची बीजं पाण्याच्या पातळ थरातून चक्क पोहत जातात, म्हणजे चिंब माती ही त्यांची वाहतुकीची सोयच. मुळातून कुज गड्ड्यात आणि गड्ड्यातून पानाच्या बुडात जाते. तुम्हाला पान पिवळं दिसलं तेव्हा खाली हे सगळं होऊन बरेच दिवस झाले होते.

आणखी एक फसवी गोष्ट आहे. मुळं मेली की झाडाला पाणी मिळत नाही, त्यामुळे ओल्या मातीतही पान सुरकुततं. बघणाऱ्याला वाटतं तहान लागली आणि तो आणखी पाणी ओततो. माझ्याकडे येणाऱ्या कुजलेल्या झाडांपैकी पुष्कळ झाडांची गोष्ट अशीच असते. म्हणून पान सुरकुतलेलं दिसलं की पानाचं बूड आणि माती दोन्ही बघा. तहानलेल्या झाडाचं पान लांबीत दुमडतं, त्यावर उभ्या सुरकुत्या येतात, पण बुडाशी ते घट्ट असतं आणि माती कोरडी ठणठणीत असते. माती ओली आणि बूड मऊ, तर ती कुजच.

नर्सरीवाल्यांचं "आठवड्यातून एकदा" मी खोटं म्हणणार नाही. त्यांच्याकडे झाडं उघड्यावर, हिरव्या जाळीखाली असतात. वारा खेळता, उजेड भरपूर, आणि नोव्हेंबर ते मे ते माप तिथे बसतं. तुमच्या हॉलमध्ये, तेही पावसाळ्यात, ते बसत नाही.

दुसरी गफलत इंटरनेटवरच्या सल्ल्याची. "उन्हाळ्यात जास्त पाणी, हिवाळ्यात महिन्यातून एकदा" हे वाक्य सगळीकडे सापडतं आणि ते ज्या देशांत लिहिलं गेलं तिथे बरोबरच आहे. युरोपात डिसेंबरचा दिवस सात-आठ तासांचा, ऊन दुबळं, झाड जवळजवळ झोपलेलं. आपल्याकडे डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवसही ११ तासांहून मोठा असतो, पहाटेचा पारा फार तर २० अंशांपर्यंत उतरतो आणि सकाळी घाटाकडून कोरडा वारा येतो. शिवाय त्या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून तुमच्या दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट हॉलच्या फरशीपर्यंत येतं. मेच्या सुरुवातीला सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास परततो. मधले तीनेक महिने दक्षिणेच्या खिडकीत माध्यान्हीचं ऊन पडतच नाही, त्यात जूनपासून ढग. तेव्हा तुमच्या झाडाच्या दृष्टीनं उजेडाचा खरा "हिवाळा" जून ते ऑगस्ट. पाणी कमी करायचं ते तेव्हा.

कंपाउंडच्या झाडाबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण ही शंका अनेकांना असते. पणजीला वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तो सगळा अंगावर घेऊन ती रांग उभी आहे, कारण तिच्या खाली तळ नाही. जांभ्याच्या सच्छिद्र, उताराच्या जमिनीत पाणी पडलं की खाली निघून जातं आणि त्याच्या मागोमाग पोकळ्यांत हवा शिरते. कुंडीत तसं होत नाही. कुंडी कितीही भोकांची असो, पाणी गळायचं थांबलं तरी तळाशी काही बोटं उंचीचा थर चिंबच राहतो, कारण मातीचे बारीक कण ते पाणी धरून ठेवतात. माती जितकी बारीक तितका हा थर उंच. उघड्यावर वारा आणि उजेडही मिळतो तो वेगळाच. पण त्याच कंपाउंडमध्ये जिथे पागोळीचं पाणी साचतं त्या कोपऱ्यात जाऊन बघा, तिथली झाडं तुमच्या कुंडीसारखीच कुजलेली सापडतील.

तळाशी खडे घालून हा चिंब थर कमी होत नाही. खड्यांच्या वर माती सुरू होते तिथेच तो थर बसतो, म्हणजे उलट मुळांच्या आणखी जवळ येतो. हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. भोकावर कौलाचा एक तुकडा ठेवला की माती वाहून जात नाही, तेवढं पुरे. खरा फरक पडतो तो सगळंच मिश्रण भरड केल्यानं.

मी वापरतो ते मिश्रण असं. दोन भाग चिऱ्याची खडी, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. जिथे बांधकामासाठी चिरे तासतात तिथे चुरा मिळतो, तो चाळून बारीक पूड काढून टाकायची. चिरा नसेल तर फुटक्या मंगळुरी कौलाचे तेवढेच तुकडे चालतात. त्यात एक भाग बागेतली लाल माती, एक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा भरड कुजलेलं खत आणि भाताच्या तुसाचा कोळसा मूठभर. हे मिश्रण मुठीत दाबून सोडलं की विस्कटलं पाहिजे, त्याचा लाडू वळला तर खडी वाढवा. नुसत्या कोकोपीटमध्ये हे झाड ठेवू नका. ते आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं, आणि एकदा कडक वाळलं की पाणी आत घेतच नाही, सगळं कडेनं निघून जातं. समुद्राची वाळूही नको. ती बारीक असते आणि खारट.

कुंडी मातीची, उथळ आणि झाडाच्या बुडापेक्षा दोन-तीन बोटंच रुंद घ्या. डिचोलीकडच्या कुंभारांच्या साध्या कुंड्या या कामाला उत्तम. मोठ्या कुंडीत जास्तीची माती ओली राहते आणि ती वाळवायला मुळं पुरी पडत नाहीत. सगळ्यात धोक्याची म्हणजे भेट म्हणून येते ती चकचकीत सिरॅमिकची, बिनभोकाची, वर रंगीत खडे पसरलेली कुंडी. तशी आली असेल तर झाड काढून मातीच्या कुंडीत लावा. ते भांडं आवडत असेल तर बाहेरचं आवरण म्हणून वापरा, पण आत पाणी साचू द्यायचं नाही. पाणी आपोआप ओढणाऱ्या टाकीच्या कुंड्याही या झाडाला नकोत.

पाणी द्यायची वेळ झाली की नाही हे बघायला खराट्याचा एक हीर पुरतो. कुंडीच्या कडेजवळून तो तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटं राहू द्या आणि ओढून काढा. खालचं टोक काळपट, ओलसर दिसलं किंवा त्याला माती चिकटून आली तर पाणी नको. तळापर्यंतचा हीर कोरडा आला तरच द्या. वरची माती बोटानं चाचपून काही कळत नाही. पावसाळ्याच्या एखाद्या उघडिपीत वर पांढरी धूळ आणि खाली चिखल असं सर्रास असतं. दुसरा उपाय वजनाचा. भरपूर पाणी देऊन निथळल्यावर कुंडी उचलून बघा आणि पूर्ण वाळल्यावर परत उचला. आठ इंचांच्या कुंडीत या दोन वेळांत पाऊण-एक किलोचा फरक पडतो आणि दोन-चार वेळा उचललं की हाताला तो कळू लागतो.

द्यायचं तेव्हा मात्र भरपूर द्यायचं, खालच्या भोकातून धार येईपर्यंत. रोज किंवा दर आठवड्याला चमचा-चमचा, कप-कप देण्यानं नुकसानच होतं. पाण्यातले क्षार कुंडीत साठत जातात, वर पांढरी कड येते आणि काही मुळं कायम ओली तर काही कायम कोरडी राहतात. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका. बुटक्या, गुलाबाच्या फुलासारख्या पसरट जातीत तर बेचक्यातल्या पाण्यानंच मधला कोंब कुजतो. निथळल्यावर बशीतलं पाणी लगेच ओतून टाका. झाडासाठी तर ओताच, पण डेंगीचा डासही असल्याच बशीत अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचे उडते डास होतात.

आता वर्षाचं चक्र. पुढे सांगतो ते दिवस आठ इंचांची मातीची कुंडी, वरचं भरड मिश्रण आणि उजेडाची खिडकी धरून आहेत. प्लॅस्टिकची कुंडी असेल तर अंतर दीडपट करा. आणि प्रत्येक वेळी अखेरचा शब्द हिराचा.

मृग लागायच्या आधी, मेच्या अखेरीला, एकदा पोटभर पाणी द्या. पाऊस धरला की हात आखडायचा. जूनच्या उत्तरार्धापासून ऑगस्ट अखेरपर्यंत मी घरातल्या स्नेक प्लांटला बहुधा पाणी देतच नाही. ऐकायला कठोर वाटेल, पण पानांत आणि गड्ड्यात साठा आहे आणि हवाच इतकी ओली आहे की झाडाचं फार थोडं खर्च होतं. सलग आठवडाभर ऊन पडलं, हीर तळापर्यंत कोरडा आला आणि पानाची कड आत वळायला लागली, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच सकाळी कडेनं अर्धा पेला. पावसाळ्यापुरता "भरपूर द्या" हा नियम बाजूला ठेवायचा. कुंडी खिडकीपासून वीतभर आत घ्या, म्हणजे झडीचे शिंतोडे लागणार नाहीत, पण उजेड जाऊ देऊ नका. खालून हवा खेळावी म्हणून कौलाचे दोन तुकडे ठेवून त्यावर कुंडी टेकवा. गावच्या घरात बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, झाड ठेवत असाल तर पश्चिमेच्या झडीची बाजू टाळा. मातीवर पांढरी लव दिसली किंवा चिलटं उडायला लागली तर ती ओलीची खूण आहे. वरची दोन बोटं माती उकरून टाका आणि कोरडी खडी पसरा.

या दिवसांत कुंडी बदलू नका, फुटवे वेगळे करू नका. बाकीची बाग पहिल्या पावसात लावायची आपली रीत आहे आणि ती जास्वंदीला, अबोलीला, मिरीच्या वेलाला योग्यच आहे. स्नेक प्लांटच्या ताज्या कापाला मात्र कोरडी हवा लागते. त्याला ऑक्टोबर अखेर ते मार्च हे दिवस चांगले. तुमचं आजचं कापणं ही जीव वाचवण्याची गोष्ट आहे, म्हणून तेवढा अपवाद.

सप्टेंबरात घाई करू नका. चतुर्थीच्या सुमारास ऊन पडायला लागतं, वरची माती वाळते आणि हात शिवशिवतो. गावी जायचं असेल तर या झाडांची काळजी करू नका, शेजारणीला किल्ली देऊन "पाणी घाल हं" असंही सांगू नका. ऑक्टोबरात पाऊस ओसरतो, अधूनमधून संध्याकाळी गडगडाट होऊन सर येते, पण एकूण हवा सुकत जाते. दसऱ्याच्या आगेमागे हीर कोरडा आला की हंगामातलं पहिलं पूर्ण पाणी द्या. कोंबही याच सुमारास हलायला लागतात. खत द्यायचं तर पातळ करून इथून मार्चपर्यंत महिन्यातून एकदा. पावसाळ्यात नको.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी दहा-बारा दिवसांनी पाणी. इथे लोक "हिवाळा आहे" म्हणून झाड वाळवतात, आणि दक्षिणेच्या खिडकीत जानेवारीअखेर पानं दुमडलेली दिसतात. रस्त्याकडच्या घरांत याच दिवसांत पानांवर लाल धूळ बसते, तीही ओल्या फडक्यानं पुसत चला.

मार्च ते मे आठ-दहा दिवसांनी. मे आपल्याला असह्य होतो तो घामानं, म्हणजे दमट हवेनं. दुपारची हवा जानेवारीइतकी कोरडी नसते, पण रात्रीही गरम असतात, म्हणून एकूण वाळणं किंचित जास्त. तेवढ्यासाठी पाणी दुप्पट करायची गरज नाही. छपरावरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं कढत पाणी घालू नका, सकाळी लवकर द्या. नळाचं पाणी चालतं. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मार्चनंतर मचूळ होतं, ते वापरत असाल तर पानांची टोकं करपलेली दिसतील आणि कुंडीबाहेर पांढरा थर येईल. तिथे नळाचं पाणी वापरा, किंवा महिन्यातून एकदा गोडं पाणी कुंडीतून दोन-तीनदा सोडून क्षार धुऊन काढा.

एसीच्या खोलीचं गणित वेगळं. एसी हवेतली ओल काढतो, म्हणून पावसाळ्यातही तिथली कुंडी वाळते. बेडरूममध्ये रोज रात्री एसी चालत असेल तर जुलैतही हीर घालून बघायला हवा. पण खोली अंधारी असेल तर झाड पाणी उचलतच नाही, तेव्हा एसी आहे म्हणून आठवड्याचा कप सुरू करू नका.

राहिली तुमची झीझी. हिचं मूळ पूर्व आफ्रिकेत, केनियापासून खाली दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नातालपर्यंत. जमिनीखाली चांगले मोठे, गोलसर कंद असतात आणि पानांचे जाड देठही पाणी साठवतात, त्यामुळे स्नेक प्लांटपेक्षाही ती जास्त तग धरते. पाण्यातलं अंतर तिला जवळपास दुप्पट ठेवा, म्हणजे नोव्हेंबर ते मे साधारण तीन आठवड्यांनी एकदा. तहानली की देठावर बारीक सुरकुत्या येतात आणि खालची एखाद-दुसरी पानं पिवळी होऊन गळतात. कुजायला लागली की अख्खा देठ बुडातून कलंडतो. प्लॅस्टिकची कुंडी बाजूला फुगलेली दिसली तर कंदांना जागा उरलेली नाही, ती दिवाळीनंतर बदला. कापताना हातमोजे घाला, तिच्या रसानं कातडीला खाज येते. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर दोन्ही झाडं त्यांच्या तोंडाला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा.

तुमच्या झीझीचे देठ ताठ आहेत का ते आज बघून घ्या. ताठ असतील तर दसऱ्यापर्यंत तिला पाणी नको. त्यानंतर हीर तळापर्यंत कोरडा आला की एकदा भरपूर पाणी द्या, आणि तुमच्या खिडकीत तीच कुंडी परत कोरडी व्हायला किती दिवस लागतात ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या पाण्याचं माप त्याच आकड्यावरून ठरवा.